विश्लेषण : कारचा केबिन फिल्टर स्वतः बदलला तर वॉरंटी जाते का?

दिवाळीच्या आसपास हवेच्या निर्देशांकाच्या बातम्या सुरू होतात. दिल्लीत शाळा बंद ठेवण्यापर्यंत वेळ येते, मुंबईत समुद्रावरून येणारे वारे मंदावले की इमारतींवर करडा थर दिसू लागतो आणि घरात एअर प्युरिफायर घ्यावा का, अशी चर्चा रंगते. ज्यांच्याकडे कार आहे, त्यांच्याकडे बहुतेक वेळा एक छोटा प्युरिफायर आधीपासूनच असतो. तो म्हणजे एसीच्या हवेच्या वाटेवर बसवलेला केबिन फिल्टर. त्याची किंमत काही शे रुपये असते आणि बऱ्याच गाड्यांत तो दहा मिनिटांत बदलता येतो. तरीही तो कुठे आहे आणि शेवटचा कधी बदलला, हे अनेक मालकांना सांगता येत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात त्याच्यासमोर फिल्टरची किंमत आणि वेगळी मजुरी दिसली, तरच त्याची ओळख होते. स्वतः हात घालावा तर ‘वॉरंटी जाईल’ ही भीती असते.

केबिन फिल्टर नेमके काय करतो?

कारमध्ये हवेचे दोन फिल्टर असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. बॉनेटखालचा फिल्टर इंजिनात जाणारी हवा गाळतो. केबिन फिल्टर माणसांच्या वाट्याची हवा गाळतो. ब्लोअरने ओढलेली हवा घड्या घातलेल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या या चौकटीतून जाते आणि मग व्हेंटमधून बाहेर येते. हा फिल्टर धूळ, परागकण, झाडाचा पालापाचोळा आणि किडे अडवतो. काही फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असतो. तो डिझेलच्या धुराचा वास आणि काही वायू शोषून घेतो, पण त्याची क्षमता मर्यादित असते. कोळसा भरला की शोषणे थांबते आणि फिल्टर वरून स्वच्छ दिसत असला तरी उपयोग उरत नाही. कार्बन मोनॉक्साइड तर तो अडवतच नाही.

फिल्टर तुंबला की पहिली तक्रार एसीबद्दल येते. ब्लोअर चारवर असूनही वारा लागत नाही, गाडी थंड व्हायला वेळ लागतो, पावसाळ्यात पुढची काच लवकर धुरकट होते, एसी सुरू करताच कुबट वास येतो. अशा वेळी ‘गॅस भरावा लागेल’ असे निदान पुष्कळदा ऐकू येते. गॅस भरण्याआधी फिल्टर काढून बघणे हा स्वस्त उपाय आहे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत सुकलेली पाने निघतात. महिनाभर न हललेल्या गाडीत कधी कधी उंदराने फिल्टर कुरतडून केलेले घरटेही सापडते.

पीएम २.५ अडतात का?

या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत दिसते तितके सरळ नाही. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. मोठे कण फिल्टरच्या तंतूंवर आदळून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेत वेडेवाकडे फिरत राहतात आणि तसेच तंतूंना चिकटतात. या दोघांच्या मधले, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण दोन्ही सापळ्यांतून निसटतात. म्हणून अनेक फिल्टरच्या तंतूंना स्थिर विद्युतभार दिलेला असतो, ज्यामुळे कण ओढले जातात. काजळी साचत गेली की हा भार कमी होतो.

गाडीसोबत आलेला साधा फिल्टर रस्त्यावरची जाड धूळ आणि परागकण चांगले अडवतो, पण बारीक कणांपैकी काहीच अडवतो. ‘हेपा’ हा शब्द छापलेले फिल्टर बाजारात भरपूर आहेत. युरोपीय ईएन १८२२ मानकानुसार एच १३ वर्गाच्या खऱ्या हेपा फिल्टरने सर्वांत निसटत्या आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवायचे असतात. इतका दाट फिल्टर कारच्या छोट्या ब्लोअरला ओढणे जड जाते. त्यामुळे खोक्यावरचा ‘हेपा’ कोणत्या चाचणीवर आधारलेला आहे, हे पाहणे गरजेचे ठरते. कारच्या केबिन फिल्टरसाठी आयएसओ १११५५ ही स्वतंत्र चाचणी पद्धत आहे. तिच्या पहिल्या भागात कण आणि दुसऱ्या भागात वायू तपासले जातात. खोक्यावर या चाचणीचे आकडे असतील, तर ते नुसत्या ‘९९ टक्के’पेक्षा अधिक विश्वासार्ह मानावेत.

भारतातील मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असे सुचवले. हिवाळ्यात आपल्या शहरांतले आकडे भारतीय मर्यादाही वारंवार ओलांडतात. अशा हवेत अर्धवट गाळणाऱ्या फिल्टरचाही फायदा होतो. मात्र तो बसवून गाडीतली हवा ‘शुद्ध’ झाली असे समजू नये.

एसीचे एक बटण यात मोठी भूमिका बजावते. आतलीच हवा फिरवणारे रीसर्क्युलेशन सुरू असेल, तर बऱ्याच गाड्यांत तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते आणि कणांचे प्रमाण झपाट्याने उतरते. पण गाडीत चार माणसे श्वास घेत असतात. काचा बंद आणि बाहेरची हवा बंद असताना कार्बन डायऑक्साइड अर्ध्या तासात काही हजार पीपीएमपर्यंत जाऊ शकतो. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. लांबच्या प्रवासात चालकाला येणाऱ्या सुस्तीमागे हेही एक कारण असते. सिग्नलवर, बोगद्यात, ट्रकच्या मागे रीसर्क्युलेशन. रस्ता मोकळा झाला की काही मिनिटे बाहेरची हवा, हा मध्यममार्ग.

घरी बदलायचा कसा?

बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडी बंद करून किल्ली काढावी. ग्लोव्ह बॉक्समधली आरसी, विमा आणि पीयूसीची कागदपत्रे, जुनी टोलची पावती, सगळे बाहेर काढावे. बॉक्सच्या एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा अडकवलेला असेल, तर तो हलकेच सोडवावा. मग बॉक्सच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली झुकतो. मागे लांबट आयताकृती झाकण दिसते. त्याच्या खाचा दाबल्या की झाकण निघते आणि फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर ओढता येतो. तो ओढण्याआधी खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, नाहीतर वर्षभराची धूळ थेट मॅटवर पडते.

इथे एक चूक हमखास होते. फिल्टरच्या कडेवर बाण छापलेला असतो. अनेकजण तो ‘वरची बाजू’ समजतात. बाणाबरोबर हवेचा प्रवाह असे लिहिलेले असेल, तर तो हवेची दिशा दाखवतो आणि अशा गाडीत तो खालीही असू शकतो. जुना फिल्टर काढण्याआधी बाणाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की प्रश्न मिटतो. रिकाम्या खाचेत पाने असतील तर हाताने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढावीत, कोरड्या फडक्याने पुसावे, नवा फिल्टर त्याच दिशेने सरकवावा आणि झाकण नीट बसल्याचा ‘टक’ आवाज ऐकावा. झाकण सैल राहिले तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

इंटरनेटवर असे व्हिडीओ पुष्कळ आहेत, पण त्यांतले बरेच डावीकडे स्टीअरिंग असलेल्या देशांतले असतात. तिथे ग्लोव्ह बॉक्स उजवीकडे असतो आणि दोरीची बाजूही बदलू शकते. आपल्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा भारतीय व्हिडीओ शोधावा, किंवा गाडीसोबत मिळालेली, सहसा उघडलीच न जाणारी पुस्तिका काढावी. काही स्वस्त किंवा जुन्या मॉडेलांत फिल्टरची जागा असते, पण कंपनीने फिल्टर बसवलेलाच नसतो. उलट काही गाड्यांत तो बॉनेटखाली काचेजवळ, तर काहींत चालकाच्या पायाशी, पेडलच्या बाजूला दडवलेला असतो. पेडल काढावे लागत असेल, तर ते काम मेकॅनिककडेच द्यावे. प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग ग्लोव्ह बॉक्सच्या वरच असते, म्हणून तिथल्या पिवळ्या वायरी आणि जोडण्यांना हात लावू नये.

जुना फिल्टर धुवून वापरता येतो का, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जाणारच. साधे फिल्टर धुण्यासाठी बनवलेले नसतात. पाण्याने विद्युतभार जातो, घड्या सैल होतात आणि ओला राहिलेला फिल्टर बुरशीला आमंत्रण देतो. सर्व्हिसिंगमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘साफ’ करून देतात. त्याने पाने आणि जाड धूळ जाते, वाराही जरा बरा लागतो, पण बारीक धूळ तंतूंतच राहते आणि जोराच्या हवेने तंतू फाटतात. हवा मारली असेल, तर बिलात फिल्टर बदलल्याची नोंद नाही ना, एवढे तपासावे. त्याच बिलात एसी निर्जंतुकीकरण, सुगंधी फवारा अशा ओळी वाढलेल्या असतात. त्या न मागता लावल्या असतील तर काढायला सांगता येते.

वॉरंटी खरंच जाते का?

या भीतीला भारतात एक इतिहास आहे. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे कंपन्या खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत केंद्रातच जावे लागते, अशी तक्रार एका ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आकडा मोठा होता, पण सामान्य मालकासाठी त्याहून महत्त्वाचा होता आदेशातला एक भाग. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लादू नये, असे आयोगाने बजावले. चुकीच्या दुरुस्तीमुळे बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरती वॉरंटी नाकारता येते.

कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या प्रकरणात मूळ निष्कर्ष कायम ठेवले, पण दंड कमी केला. एवढ्या लांबलेल्या लढाईमुळे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर फारसे बदलले नाही. ‘बाहेरचा पार्ट लावला तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य तिथे आजही ऐकू येते.

जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, यासाठीचे पोर्टल सुरू झाले. कंपन्यांनी दुरुस्तीच्या पुस्तिका, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना आहे. हा सगळा प्रयत्न कंपन्यांच्या सहकार्यावर उभा आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, ठरावीक ब्रँडचाच भाग वापरण्याची सक्ती करून वॉरंटी देण्यावर बंधन घातले.

केबिन फिल्टरपुरते बोलायचे, तर तो झिजणारा आणि वरचेवर बदलायचा भाग आहे आणि तो कसा बदलायचा हे बऱ्याच कंपन्यांच्या मालक-पुस्तिकेतच चित्रांसह दिलेले असते. स्वतः फिल्टर बदलला म्हणून इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारण्याला आधार नाही. ग्लोव्ह बॉक्सची खाच तोडली, तर ती मात्र कुणी फुकट बदलून देणार नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर फिल्टरचे बिल जपून ठेवावे आणि कुणी वॉरंटीचा धाक घातला, तर नकार कोणत्या अटीखाली दिला जातोय ते लेखी मागावे. बहुतेक वेळा लेखी काहीच मिळत नाही.

किती दिवसांनी बदलावा?

पुस्तिकांत साधारण दहा ते वीस हजार किलोमीटर किंवा वर्षभर असा काळ दिलेला असतो, आणि धुळीच्या भागात तो आणखी कमी करावा अशी बारीक अक्षरातली टीपही असते. मेट्रोचे किंवा पुनर्विकासाचे काम चालू असलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीला ही बारीक टीपच लागू होते. पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर फिल्टर बदलणे सोयीचे, कारण ओलाव्यातली बुरशी आणि पुढची धूळ दोन्हींचा हिशेब एकदमच होतो. विकत घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि जुन्या फिल्टरवरचा क्रमांक जुळवावा. दोन-चार मिलिमीटरने लहान असलेला फिल्टर बसतो खरा, पण कडेने हवा सोडतो. काढलेला फिल्टर पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावा आणि नव्याच्या कडेवर पेनने तारीख व किलोमीटर लिहून मगच तो आत सरकवावा.