उत्तराची वाट पाहणारे लेखन

आठवी-नववीतील मुलाच्या निबंधाच्या वहीला बहुधा एकच वाचक असतो आणि तोही हाती लाल शाई घेऊन बसलेला. ‘वृत्तपत्रे बंद झाली तर’ असा काही विषय मिळतो. मुलगा बाजारातील निबंधाच्या पुस्तकातून तीन परिच्छेद उतरवून काढतो. शिक्षक ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि दहापैकी सात गुण देतात. मुलाचे म्हणणे काय होते, ते कोणास पटले, कोणी खोडून काढले, याचा त्या सात गुणांत कोठेच पत्ता लागत नाही. पुढे हाच मुलगा पेढीवर बसतो किंवा नोकरीस लागतो. चार माणसांच्या बैठकीत मत मांडण्याची वेळ आली की तो एक तर गप्प राहतो, नाही तर आवाज चढवतो. मधली वाट त्याला कोणी दाखविलेलीच नसते.

ती वाट शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका प्राथमिक शिक्षकाने शोधली होती. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचे नाव. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसास जबर जखम झाली होती. १९२० मध्ये दक्षिणेकडील बार-स्यूर-लू या डोंगरी खेड्यातील शाळेत ते रुजू झाले, तेव्हा वर्गात तासन्‌तास मोठ्याने बोलणे त्यांना झेपत नसे. शिक्षकाला फार बोलता येत नाही, तर बोलावे कोणी? मुलांनी, हे उत्तर ओघानेच आले. फ्रेने मुलांना घेऊन गावात फिरत, कारागिरांची कामे दाखवीत आणि परत आल्यावर पाहिलेले लिहायला सांगत. १९२४ च्या सुमारास त्यांनी एक लहानसे हातछपाईचे यंत्र वर्गात आणले.

यंत्र आले आणि लेखनाचा हेतूच पालटला. मुले आपापल्या मनाने लिहीत आणि लिहिलेले वर्गापुढे वाचून दाखवीत. कोणता मजकूर छापावा, हे सर्वजण मत देऊन ठरवीत. निवडलेला मजकूर फळ्यावर लिहून सगळे मिळून त्याची भाषा सुधारीत, पण ती लेखकाच्या संमतीने. मग एकेक खिळा जुळवून पान छापले जाई. खिळा उलटा लागला, तर चूक एका वहीत न राहता सगळ्या प्रतींत उमटते. शुद्धलेखनाची काळजी घ्यायला याहून चांगले कारण मुलांना कोणते मिळणार?

ही पाने गावाबाहेरही जाऊ लागली. १९२६ मध्ये ब्रिटनी प्रांतात, अटलांटिकच्या किनाऱ्यावरील त्रेगंक येथील रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाशी फ्रेने यांच्या वर्गाचा नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. एकीकडे डोंगरातील मुले, दुसरीकडे समुद्राकाठची. एकमेकांचे जीवन त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून जे लिहायचे ते समजेल असे लिहावे लागे आणि आलेले पान नीट वाचल्याखेरीज उत्तर देता येत नसे. व्यापारी घरांत ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. परगावच्या आडत्याला भावाचे पत्र लिहिताना एकही शब्द वायफळ पडत नसे आणि त्याचे उत्तर आले की ते दोनदा वाचले जाई. निबंधाला असे उत्तर कधी येत नाही, म्हणून त्यात काहीही लिहिले तरी चालते.

फ्रेने यांच्या पद्धतीतील सर्वांत मोलाचा भाग मात्र छापखाना नसून भिंतीवरचा एक कागद होता. दर आठवड्याला वर्गात कोरा कागद लावला जाई. त्यावर रकाने आखलेले असत : माझी तक्रार, माझी शाबासकी, माझी मागणी, पुढे त्यांत ‘मी हे केले’ या रकान्याची भर पडली. कोणीही काहीही लिहावे, मात्र खाली सही हवीच. निनावी तक्रारीस तेथे स्थान नव्हते. आठवड्याच्या अखेरीस सभा भरे आणि कागद मोठ्याने वाचला जाई. ज्याच्याविषयी तक्रार असेल त्याला आपली बाजू मांडता येई, मग वर्ग विचार करी. सोमवारी रागाच्या भरात लिहिलेले वाक्य आठवड्याअखेर सर्वांसमोर, आपल्या सहीसह ऐकावे लागणे, हे एक वेगळेच शिक्षण आहे. लिहिणे आणि वाचले जाणे यांमध्ये गेलेले हे चार-पाच दिवस फार कामाचे. आज हातातील फोनवर राग येताच मत उमटते आणि त्याच क्षणी शेकडो जणांपर्यंत पोहोचते. तेथे नेमका हाच अवधी उरलेला नाही.

मुलांच्या मताला खरा वाचक दिला की त्याची किंमतही मोजावी लागते. फ्रेने यांना ती मोजावी लागली. पुढे ते सँ-पोल या गावी शिकवीत असताना एका मुलाने आपले स्वप्न लिहिले. शाळेचे साहित्य मोफत देण्यास नकार देणाऱ्या नगराध्यक्षांविरुद्ध वर्ग उठतो, असे ते स्वप्न होते आणि त्याचा शेवट रक्तपातात होता. विरोधकांनी १९३२ च्या डिसेंबरात तो मजकूर भित्तिपत्रकांवर छापून गावभर लावला. वर्षभरात फ्रेने यांची बदली झाली. १९३५ मध्ये त्यांनी व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली. मुलाने असे लिहावे का, हा प्रश्न खराच आहे; परंतु त्यावर मुलाशी बोलता आले असते. गावातील मोठ्या माणसांनी ते केले नाही.

त्याआधी, १९२० च्या दशकात, आपल्याकडे अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक लिहीत होते. त्या छात्रालयातील मुलांना वाचण्यासारखे काही रोज मिळे, आणि तेही त्यांच्यावर माया करणाऱ्या माणसाच्या हातचे. लेखणी शिक्षकाच्या हाती आणि लेखणी मुलांच्या हाती, हा या दोन प्रयोगांतील भेद. पहिल्याशिवाय वाचनाची गोडी लागत नाही. दुसऱ्याशिवाय मत तयार होत नाही.

साठ मुलांच्या वर्गात छापखाना शक्य नाही, पण कागद आणि खिळा शक्य आहे. एखाद्या शनिवारी अग्रलेख वाचावा. प्रत्येकाने आधी लेखकाचे म्हणणे अशा शब्दांत लिहावे, की लेखकानेही ‘होय, मी हेच म्हटले’ असे मान्य करावे. त्यानंतरच खाली आपले मत लिहावे. शेजाऱ्याने त्यावर दोन ओळींचे उत्तर लिहून सही करावी. शिक्षकांनी गुण देण्याची घाई करू नये.

एकत्र कुटुंबातही चार रकान्यांचा कागद स्वयंपाकघराच्या दारामागे लावता येतो. त्यावर आजोबांविषयीही लिहिता आले पाहिजे आणि आजोबांनीही सही करूनच उत्तर दिले पाहिजे, एवढी अट पाळावी. पहिल्या आठवड्यात तक्रारींचा रकाना भरून वाहील आणि ‘मी हे केले’ हा रकाना रिकामा राहील. तो तसाच राहू द्यावा. रविवारी सर्वांनी बसून कागद वाचावा, त्यावर तारीख घालून जपून ठेवावा आणि दुसरा लावावा.