गच्ची गळत असेल तर भाव कुणाचा पडतो?

घर विकायचे ठरले की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. छताच्या कोपऱ्यातले ओलीचे डाग खरवडायचे, पुट्टी भरायची, वर पांढरा हात मारायचा आणि जानेवारी-फेब्रुवारीत, भिंती सुकलेल्या असताना, गिऱ्हाईक बोलवायचे, ही रीत मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत चांगलीच रुजली आहे. त्याच सोसायटीच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की मात्र कोणीतरी विचारतो, एवढा खर्च करून फ्लॅटचा भाव वाढणार आहे का? खरे उत्तर असे, की वाढणार नाही. छत कोरडे असणे ही घराकडून असलेली अगदी किमान अपेक्षा आहे आणि तिच्यासाठी चौरस फुटामागे जादा पैसे कोणी मोजत नाही. भाव ठरतो तो स्टेशन किती जवळ, क्षेत्रफळ किती, पार्किंग आहे की नाही यावर. पण गच्ची गळकी असेल तर हाच भाव खाली येतो, आणि तो दुरुस्तीच्या खर्चाएवढाच खाली येऊन थांबत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्वयंपाकघरातला ओटा जुना असेल तर घेणारा तो बदलण्याचा खर्च काढतो आणि तेवढी रक्कम कमी करून मागतो. गच्चीचे तसे नाही. ती सोसायटीची असते. नव्या मालकाची कितीही तयारी असली तरी तिथे एकट्याच्या जिवावर त्याला काही करता येत नाही. काम कधी होणार, ठराव मंजूर होणार का, वर्गणी किती पडणार, यातले काहीच त्याच्या हातात नसते, म्हणून तो खर्चाबरोबर या अनिश्चिततेचीही वजावट करतो. शिवाय ओल डागापुरती राहत नाही. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतली सळई सुरक्षित असते. हवा आणि पाणी वर्षानुवर्षे आत शिरत राहिले की तो गुण कमी होतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि स्लॅबचे पोपडे खाली पडू लागतात. मग साधे वॉटरप्रूफिंग पुरत नाही, इमारतीच्या सांगाड्याचीच दुरुस्ती करावी लागते. अशा घरावर कर्ज देताना बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचे उरलेले आयुष्य पाहतो. कर्ज कमी मिळाले किंवा कमी मुदतीचे मिळाले की गिऱ्हाइके घटतात, आणि जे उरतात ते घासाघीस करणारे असतात.

डाग रंगवून झाकण्याचा मार्ग कायद्यानेही बंद केला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणे फसवणूक ठरते.

यावर सर्वात वजनदार आक्षेप पुनर्विकासाचा आहे. इमारत पाडायचीच आहे तर गच्चीवर पैसे कशाला घालायचे? जिथे विकासक नेमला गेला आहे, करार झाला आहे, तिथे हे म्हणणे मान्य करावे लागेल. अशा घराचा भाव मिळणाऱ्या नव्या क्षेत्रफळावर ठरतो. पण बहुतेक सोसायट्यांत पुनर्विकास म्हणजे नुसती चर्चा असते. २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्के संमती पुरेशी ठरवली, तरी संमतीपासून घरे रिकामी होईपर्यंत कित्येक पावसाळे जातात, आणि त्या काळात माणसे त्याच स्लॅबखाली झोपतात. दुसरा आक्षेप, वॉटरप्रूफिंग टिकत नाही. हा अनुभव खरा आहे, पण त्याचे मूळ बहुतेकदा कामाच्या पद्धतीत असते. जुना कोबा न काढता त्यावर नवा ओतला जातो. चार इंची विटांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे आधीच कमकुवत झालेल्या स्लॅबवर आपणच भार वाढवतो. उतार नीट नसतो, पाइपांभोवतीचे सांधे तसेच राहतात, आणि पाणी साठवून चाचणी न घेताच ठेकेदाराचे बिल चुकते होते.

खालच्या मजल्यांवरचे सभासद म्हणतात, गळती वरच्यांची, खर्च त्यांनी करावा. आदर्श उपविधी तसे म्हणत नाहीत. गच्चीतून होणारी पावसाची गळती थांबवणे, इतकेच नव्हे तर त्यामुळे खराब झालेले वरच्या मजल्याच्या छताचे प्लास्टर दुरुस्त करणे, हा सोसायटीचा खर्च आहे. त्यासाठीच दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमा करायचा असतो. स्ट्रक्चरल ऑडिटही पूर्ण इमारतीचे होते आणि त्यातला प्रतिकूल शेरा तळमजल्याच्या फ्लॅटलाही भोवतो. इमारत नवी असेल तर मात्र स्वतःचा खिसा रिकामा करू नका. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामाचा दोष विनामूल्य दुरुस्त करून देणे रेरा कायद्याने विकासकावर बंधनकारक आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, आणि तेव्हा छतावरचे डाग ओलेच असतात. त्या सभेत गच्चीचा ठराव मांडा, काम उन्हाळ्यात पाणी साठवून तपासून घ्या, आणि ठेकेदाराच्या हमीपत्रासह त्याची फाइल सोसायटीच्या कार्यालयात ठेवा. फ्लॅट पाहायला येणाऱ्याने ती मागितली, तर ती त्याला बेलाशक दाखवा.