ढोली कुठे आहे?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे कधी पुण्याचे भाचे असतात, कधी शहापुरातले शेजारी, कधी बडोद्याहून उतरलेले मेहुणे. "दांडेलीला चाललोय. धनेशाच्या ढोलीचं झाड कुठलं, तेवढं सांगून ठेवा की." गळ्यात कॅमेरा, त्याला हातभर लेन्स आणि हाताशी मोजून चार दिवस. मी सांगत नाही. त्यामुळे नातेवाइकांत मी खडूस ठरलो आहे. 'स्वतः फोटो काढून घेतला आणि आता आम्हाला नाही म्हणतो' असेही पाठीमागे बोलले जाते. त्यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे, म्हणूनच हे लिहायला बसलो.

मार्च २०१४ मध्ये मी अशाच एका झाडाखाली उभा होतो. "गूडु तोरस्तीनि री," घरटे दाखवतो, असे म्हणत गाडीवाल्याने आम्हाला तिथे नेले होते. आमच्याआधीच पाच-सहा तिपाया लागलेल्या. खोडावर बऱ्याच उंचीवर एक उभी चीर दिसत होती, तीत मधूनच पिवळी चोच हलायची. तासाभराने नर आला. पंखांचा तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला वर्णन नको. पण तो ढोलीवर आला नाही. लांबच्या झाडावर बसला, मान वाकडी करून आमच्याकडे पाहिले आणि निघून गेला. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा आला तेव्हा आम्हा सर्वांना फोटो मिळाला, आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले आणि जेवायला गेलो.

तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत तीन वर्षे टांगला होता. पाहुणे वाखाणत. पुढे या पक्ष्याविषयी नीट वाचले आणि तो मीच उतरवला.

राजधनेशाची, म्हणजे आपल्या भागातल्या कानडी मंडळींच्या मंगट्टेची, मादी विणीच्या वेळी ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेने वगैरे तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट उरते. आत तिची पिसे झडतात, म्हणजे मनात आणले तरी तिला उडता येत नाही. एक-दोन अंडी, आणि वाढते बहुधा एकच पिल्लू. कित्येक आठवडे आई आणि पिल्लू या दोघांचे पोट त्या एका नराच्या खेपांवर अवलंबून असते. आता सांगा, आम्ही त्या दिवशी परतवलेल्या दोन खेपा कोणाच्या तोंडातल्या होत्या? बाळंतिणीच्या खोलीच्या दारात दहा परके पुरुष मांडी ठोकून बसले आणि घरच्या माणसाला जेवणाचे ताट घेऊन आत जाता येईना, तर आपण त्यांना कलाकार म्हटले असते काय?

धनेशांची वीण साधारण जानेवारीपासून मेपर्यंत चालते. आमची मुलांची सुट्टी एप्रिल-मे. म्हणजे आम्हाला जेव्हा फुरसत असते, नेमकी तेव्हाच त्यांना नसते. सगळे दुखणे इथे आहे. २०११ साली दांडेलीला धनेशांसाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले याचा आपल्याला अभिमान, पण तिथे जाऊन आपण शोधतो काय, तर ढोली!

"आम्ही काही बंदूक घेऊन जात नाही," असे एक मेहुणे मला सुनावून गेले. त्यांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चाळावा. त्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही धरले आहे.

दुसरा मुद्दा गाडीवाल्याच्या पोटाचा. तो मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की त्याने ढोली विकू नये. धनेश वर्षानुवर्षे तीच ढोली वापरतात. एका हंगामात उठवलेले जोडपे पुढच्या वर्षी फिरकले नाही, तर तो दाखवणार काय? आंबोलीला पावसाळ्यात हाच धंदा बेडकांचा आणि चापड्यांचा चालतो. हिरवे पान चांगले दिसते म्हणून जनावर हाताने उचलून पानावर ठेवायचे! त्याला निसर्गाचे छायाचित्र म्हणणे म्हणजे स्टुडिओतल्या पडद्याला काश्मीर म्हणणे आहे.

मग जायचे कुठे? विचारा की. ढोली सोडून बाकी सगळे पत्ते मी देतो.

धनेशच हवा असेल तर पिकलेले उंबर, वड, पिंपळ शोधा. प्रत्येक झाडाचा फळण्याचा काळ निराळा, त्यामुळे 'सध्या कुठलं झाड पिकलंय?' हा प्रश्न गाडीवाल्याला जरूर विचारा. वीण संपली की कवडे धनेश थव्याने फिरतात, दांडेलीच्या लाकूड डेपोच्या परिसरातही दिसतात. गाडीतच बसून राहा, उतरू नका.

आणि सुट्टी दिवाळीची घ्या. त्या सुमारास उत्तरेकडचे पाहुणे यायला लागतात. गोकाकजवळ १८९७ सालचा धुपदाळचा बंधारा आहे, थंडी जमली की घटप्रभेच्या त्या पाण्यावर कांड्या करकोचे उतरतात. गोव्यात करमळीच्या तळ्यावर अडई बदके आणि जांभळ्या पाणकोंबड्या. चोडण बेटावरचे सलीम अली अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटर, पण ओहोटीच्या वेळी होडीतून फिरा, चिखलावरची गर्दी पाहून मन भरत नाही. बडोद्याच्या मेहुण्यांना तर आमच्याकडे यायचीच गरज नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला वढवाणा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत गेला. इंदूरकरांच्या घराजवळचे सिरपूर २०२२ मध्ये. सूर्य उगवायच्या आत पोचा, ऊन पाठीशी घ्या, काठावर बसकण मारा आणि तासभर हलू नका. वारकरी पक्षी आपण होऊन जवळ येतो, त्याला कोणी दाणे टाकावे लागत नाहीत.

परवा धाकट्या भाच्याचा फोन आला होता. त्याला धुपदाळ सांगितले. "मामा, तिथे काय नक्की दिसेल याची खात्री आहे का?" मी नाही म्हणालो. थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "बरं, पहाटे किती वाजता निघायचं?"