तारेवाचून वीज

नांदगाव पेठेच्या औष्णिक वीजकेंद्रात, प्रत्येकी २७० मेगावॉटच्या ५ संचांमध्ये, मायकेल फॅरेडेने १८३१ साली सिद्ध केलेले जे तत्त्व राबते, तेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन आज मेजावरील एका चपट्या तबकडीतून आमच्या वाचकांच्या मोबाइलमध्ये तारेवाचून वीज भरीत आहे. म्हणूनच हा अंक आम्ही त्या विषयास वाहिला आहे. तबकडीतील तांब्याच्या वेटोळ्यात सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा पालटणारा प्रवाह खेळतो आणि मोबाइलच्या पाठीतील दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करतो. मात्र अंतर काही मिलिमीटरांचेच हवे, मोबाइल किंचित सरकला की विजेचा बराच अंश नाहक उष्णतेत जातो. वऱ्हाडातील वैशाखात, पारा पंचेचाळिशीला टेकला असता, तापलेला मोबाइल आपणहून चार्जिंग मंद करतो किंवा थांबवितो, ही बाब आमच्या मते येथील ग्राहकास सर्वांत महत्त्वाची आहे.

तारेवाचून चार्जिंगच्या 'ची' (Qi) या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे मोबाइल एकाच तबकडीवर चालतात, ही सोय निर्विवाद. तथापि वाया जाणारी वीज अखेर बव्हंशी कोळसा जाळूनच भरून काढावी लागते, आणि त्या हिशेबासाठी आम्ही अधिक पाने राखून ठेवली आहेत. दुकानदार, दुरुस्तीचे कारागीर व विद्यार्थी यांनी आपले अनुभव, विशेषतः उन्हाळ्यातील, आम्हांस जरूर लिहून कळवावेत.