पंप निवडता तसा राऊटर निवडा



विहिरीला पाणी तीन हॉर्सपॉवरपुरते आणि पंप बसवला साडेसातचा, तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. घटकाभरात विहीर उपसते आणि वीज मात्र साडेसातची जळते. घरी जुळवलेल्या राऊटर संगणकाचेही तसेच आहे.

राऊटर म्हणजे बाहेरून आलेले इंटरनेट घरात वाटून देणारा डबा. कंपनी देते तो डबा बहुतेक घरांना पुरतो. पण रस्ता खोदताना फायबर वारंवार तुटत असेल आणि त्या वेळी आपोआप सिमकार्डावर काम चालू राहावे असे वाटत असेल, किंवा दोन भावांची घरे एकाच जोडणीवर असतील आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी व्हिडिओला लगाम हवा असेल, तर लहान संगणकावर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली घालून राऊटर करता येतो. यातली एकही गरज नसेल, तर पैसे खतासाठी ठेवा.

मी स्वतः आधी चुकलो. स्वस्त मिळाला म्हणून कार्यालयातून काढलेला जुना डेस्कटॉप उचलला. चालला छान. पण दोन महिन्यांनी बिल हातात घेऊन मंडळींनी विचारले, "हा रात्रंदिवस जागतो तरी कशाला?" प्लग मीटर लावून पाहिले तेव्हा कळले, तो ६० वॅट खात होता.

आता हिशेब करा. ६० वॅटचे यंत्र २४ तास चालले, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट जळतात. १० वॅटचे यंत्र ८८ युनिटांत भागवते. फरक झाला ४३७ युनिटांचा. युनिटला ८ रुपये धरले, तरी जवळजवळ साडेतीन हजार रुपये दरसाल गेले. शिवाय ही वाढीव युनिटे तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्यात पडतात, हे विसरू नका.

सामान घेण्यासाठी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली सोयीची. स्वारगेटला एस.टी.तून उतरलात, तर २०२४ साली सुरू झालेल्या भुयारी मेट्रोने मंडईला या आणि तिथून चालत जा. एकाच दुकानात घाई करू नका. चार ठिकाणी भाव विचारा. घेताना एवढे पाहा:

१) यंत्र बिनपंख्याचे असावे. आपल्याकडची धूळ पंख्याला टिकू देत नाही. बँका-कार्यालयांत वापरलेले थिन क्लायंट नावाचे लहान संगणक यासाठी चांगले. नवेच घ्यायचे तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे डबे मिळतात. पण १०० एमबीपीएसच्या जोडणीला गेल्या दहा वर्षांतला कोणताही साधा ६४-बिट प्रोसेसर पुरे.

२) वायरीचे लॅन पोर्ट किमान दोन हवेत, एक आत येणाऱ्या इंटरनेटला आणि एक घराला. बऱ्याच थिन क्लायंटला एकच असते. दुसरे कार्ड बसायला जागा आहे का, ते आधी विचारा.

३) रॅम २ जीबी आणि १६ जीबीची एसएसडी या कामाला भरपूर झाली.

४) अ‍ॅडॉप्टर यंत्राच्या मूळ व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा असावा. इथे पन्नास रुपये वाचवू नका.

५) दुकानातच यंत्र चालू करून प्लग उपटा आणि पुन्हा लावा. बटण न दाबता ते आपोआप सुरू झाले पाहिजे. ही सोय बायोसमध्ये चालू करता येते. दुकानदाराकडून करून घ्या आणि आतला नाण्यासारखा सेलही नवा बसवून घ्या. नाहीतर प्रत्येक भारनियमनानंतर कोणीतरी बटण दाबायला घरी लागेल.

वायफायसाठी जुना राऊटर फेकू नका. त्याला फक्त वायफाय पसरवण्याचे काम द्या.

बॅटरीचाही अंदाज घ्या. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. ती टिकावी म्हणून निम्मेच वापरायचे. राऊटर १० वॅटचा आणि फायबरचा डबा ८ वॅटचा धरला, तर दोन तासांहून थोडे अधिक निघतात. माझा जुना डेस्कटॉप असता, तर पाऊण तासही निघाला नसता.

तेव्हा गल्लीत शिरण्यापूर्वी घरी कागद घ्या. जोडणीचा वेग किती, वायरी किती, वीज किती तास जाते, हे घरच्या बाईमाणसांसह बसून लिहा. विहीर मोजल्याशिवाय पंप आणू नये, हे आपल्या वाडवडिलांना कोणी शिकवावे लागले नव्हते.