वीज कडाडते आणि दूरध्वनि मुका होतो

वळवाच्या पावसाचे दिवस आले म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत, म्हणजेच पूर्वींच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, दोन गोष्टी पाठोपाठ घडतात. दुपार कलली कीं आभाळ काळवंडतें, वारा सुटतो, विजा कडाडूं लागतात. आणि पाऊस पुरता सुरू होण्यापूर्वींच खिशांतील मोबाईलची रेंज जाते. पहिली गोष्ट निसर्गाच्या स्वाधीन आहे. दुसरी मनुष्याच्या व्यवस्थेची आहे. तिच्यावर उपाय असून तो होत नाहीं, आणि न होण्याचें कारण असें कीं, ती कोठें नोंदलीच जात नाहीं. या दुसऱ्या गोष्टीविषयीं आमचे विचार आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

शहरांतील गृहस्थास वाटेल कीं, चार तास मोबाईल बंद पडला तर एवढें काय बिघडलें? त्याच्या घरचें ब्रॉडबँड थांबलें तर मुलांचा खेळ थांबतो, फार तर कचेरीचें काम उद्यांवर जातें. शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. वीज पडून मरणारांत शेतांत काम करणारीं व गुरें राखणारीं माणसेंच फार असतात. सन २०२२ या एका वर्षांत देशांत २,८८७ माणसें विजेनें दगावलीं, अशी सरकारी नोंद आहे. नैसर्गिक आपत्तींनीं त्या वर्षीं जे मृत्यु घडले, त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक हे होत. हें जाणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘दामिनी’ नांवाचें ॲप तयार केलें. देशभर बसविलेलीं ८० हून अधिक यंत्रें विजेची चमक टिपतात, आणि आपल्यापासून २० व ४० किलोमीटरच्या टापूंत वीज पडत असली तर मोबाईलवर तसा इशारा उमटतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचें ‘सचेत’ हेंही त्याच जातीचें साधन होय. सन २०२३ मध्यें एके दिवशीं हातांतील मोबाईल अकस्मात् मोठ्यानें वाजूं लागले व पुष्कळ लोक घाबरले, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. तीही टॉवरवरून सर्वांस एकदम इशारा देण्याच्या योजनेची चांचणी होती.

या साधनांची आम्ही थट्टा करीत नाहीं. तीं मोलाचीं आहेत आणि प्रत्येक शेतकऱ्यानें तीं आपल्या मोबाईलवर घ्यावीं, असेंच आम्ही सांगतों. परंतु या सर्वांचा आधार एकच, तो म्हणजे गांवाजवळचा टॉवर. तो मुका झाला तर पुण्याहून निघालेला इशारा वाटेंतच राहतो. चोर शिरतांच डोळे मिटणारा जागल्या कोणत्याही गांवानें ठेवला नसता. येथें मात्र असा जागल्या आपण सर्वांनीं मुकाट्यानें पत्करला आहे.

टॉवरवर वीज पडते म्हणून तो बंद पडतो, अशी सामान्य समजूत आहे. तसें क्वचितच घडतें. बहुधा कारण अगदीं साधें असतें. वारा सुटतांच महावितरणची वाहिनी बंद पडते, किंवा अपघात टाळण्यासाठीं ती बंद करावी लागते, आणि टॉवर बॅटरीवर जातो. बॅटरी नवी व पुरती भरलेली असली तर कांहीं तास निभावतें. जुनी असली तर ती लवकरच मान टाकते. डिझेलचें जनरेटर असलें तर त्यांत डिझेल असावें लागतें, आणि जेथें तें हातानें सुरू करावयाचें असतें तेथें चिखल तुडवीत मनुष्य पोहोंचावा लागतो. दुसरें कारण तारेचें. फायबरची तार खोल पुरलेली असली तर वादळाचें तिला भय नाहीं. परंतु कित्येक ठिकाणीं ती विजेच्या खांबांवरून, लिंबाच्या फांद्यांतून लोंबत नेलेली दिसते. फांदी मोडली कीं तार तुटते. जेथें तार नाहीं तेथें एक टॉवर दुसऱ्या टॉवरशीं हवेंतून बोलतो, व हे टॉवर साखळीच्या कड्यांप्रमाणें एकमेकांत गुंतलेले असतात. मधलें एक कडें निखळलें कीं पलीकडील चार-पांच गांवें, तेथील टॉवरांस वीज असूनही, मुकीं होतात.

आणखी एक कारण आमच्या काळ्या जमिनीचें आहे, आणि तें अभियंत्यापेक्षां शेतकऱ्यासच लवकर कळेल. विजेचा लोट जमिनींत उतरून जावा म्हणून टॉवरला, डीपीला, विहिरीवरील मोटारीच्या पेटीला अर्थिंग दिलेलें असतें. ओली माती वीज सुखानें पोटांत घेते. वाळलेली माती तिला अडविते. काळी माती उन्हाळ्यांत आकसते, तिला भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी व माती यांच्यामध्यें फट राहते, आणि खालीं खडक लागला तर स्थिति आणखी बिकट होते. म्हणजे वळवाच्या विजा ज्या दिवसांत पडूं लागतात, नेमकें त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत निकामी झालेलें असतें. मोटार जळूं नये म्हणून जाणता शेतकरी चैत्रांत अर्थिंगच्या खड्ड्यांत मीठ-कोळसा टाकून वर चार घागरी पाणी ओततो. टॉवरच्या खड्ड्यांत पाणी कोण ओततो, हें आम्हीं दोन-तीन ठिकाणीं विचारून पाहिलें. प्रत्येकानें दुसऱ्याचें नांव सांगितलें.

आमच्या नोकरीच्या आरंभीं तालुक्याच्या कचेरींत तारेचा दूरध्वनि असे. त्याचे दोष पुष्कळ होते. पावसांत खरखर सुरू होई, आणि केबलमध्यें पाणी शिरलें कीं आठ-आठ दिवस तो उघडत नसे. विजा होत असतां रिसीव्हर उचलूं नये, अशीही ताकीद असे, व ती रास्त होती. तांब्याच्या तारेनें विजेचा लोट घरांत येत असे. परंतु त्यांत एक गुण होता. त्यास लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटरींतून त्याच तारेनें येई. त्यामुळें गांवांत अंधार असला तरी दूरध्वनि जिवंत राही. आज घरांतील राऊटर, खांबावरील पेटी व माळावरील टॉवर या प्रत्येकास वीज स्वतंत्र लागते. साधन शतपटीनें वेगवान झालें, पण अंधारांत टिकून राहण्याचा त्याचा गुण गेला. ३ जून २०२० रोजीं कोंकणांत ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलें तेव्हां रायगडांतील गांवें कित्येक दिवस वीज व दूरध्वनि यांविना होतीं. तें चक्रीवादळ होतें म्हणून साऱ्या महाराष्ट्रानें त्याची दखल घेतली. आमच्याकडील वादळ दोन तासांचें व दहा गांवांपुरतें असतें. त्याची दखल वर्तमानपत्राच्या आंतील पानावरही होत नाहीं.

आतां नियम काय आहेत तें पाहूं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, सन २०२४ मध्यें सेवेच्या दर्जाविषयीं नवे नियम केले. जिल्ह्यांतील सेवा मोठ्या प्रमाणावर २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकास भाड्यांत सूट किंवा मुदतींत वाढ द्यावी, असें त्यांत आहे. नियम चांगला, पण त्याचें परिमाण जिल्हा हें आहे, आणि नैसर्गिक आपत्तीनें बंद पडलेली सेवा त्यांतून वगळलेली आहे. आमची उभी हयात महसूल खात्यांत गेल्यामुळें परिमाणाचें महत्त्व आम्हांस पक्कें ठाऊक आहे. अतिवृष्टि जिल्ह्यावर मोजीत नाहींत, महसूल मंडळावर मोजतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ज्या मंडळांत झाला त्या मंडळांत ती धरतात. सोयगांवांत नद्या दुथडी वाहत असल्या व पैठणांत ऊन पडलें असलें तर दोहोंची सरासरी काढून कोणी स्वस्थ बसत नाहीं. मग दूरध्वनीच्या बाबतींतच नऊ तालुक्यांची एक मोट कां बांधावी? फुलंब्री तालुक्यांतील सहा गांवें दोन दिवस मुकीं राहिलीं तर जिल्ह्याच्या हिशेबीं कांहींच घडलेलें नसतें.

या न घडलेल्या गोष्टीची किंमत शेतकरी कशी देतो, तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. सन २०२५ च्या खरिपापूर्वीं पीक विम्यांत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावी लागे, आणि ती बहुधा मोबाईलवरूनच दिली जाई. आमच्या परिचयाच्या एका कुणब्याचा मका गारपिटींत भुईसपाट झाला. गांवांत दोन दिवस रेंज नव्हती. रस्त्यावर झाडें पडलेलीं. तिसऱ्या दिवशीं ॲप उघडलें तर तें पुढें सरकेना. चौथ्या दिवशीं सूचना पोहोंचली ती मुदतीबाहेरची ठरली. त्या ७२ तासांपैकीं टॉवर किती तास चालू होता, असा रकाना अर्जांत नव्हता. पुढें सन २०२५ मध्यें राज्यानें ही तरतूदच काढून टाकली व भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठेविली. तेवढ्यापुरता हा वाद मिटला.

सारेच वाद मिटले, असें मात्र नव्हे. वीज पडून मनुष्य मेला तर वारसांस ४ लक्ष रुपये, दुधाळ गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५०० रुपये व ओढकामाचा बैल गेला तर ३२,००० रुपये मदत ठरलेली आहे. ती मिळण्यास पंचनामा हवा, व जनावर असलें तर पशुवैद्यकाचा दाखलाही हवा. वैशाखाच्या उन्हांत मेलेला बैल दोन दिवस झाकून ठेवतां येत नाहीं. ग्राम महसूल अधिकारी, ज्यांस लोक अजून तलाठीच म्हणतात, त्यांस वर्दी वेळेवर लागली नाहीं तर धनी बैल पुरून मोकळा होतो. आणि मग कचेरींत प्रश्न निघतो कीं, बैल विजेनेंच मेला कशावरून? हा प्रश्न टेबलाच्या अलीकडे बसून आम्हीं अनेकदां ऐकला आहे. विचारणाराचा त्यांत दोष नसतो. कागदापुढें त्याचाही इलाज चालत नाहीं. तक्रारीची तऱ्हा तर याहून मौजेची आहे. गेल्या वर्षीं आमच्या गांवचा टॉवर बंद पडला तेव्हां संबंधित कंपनीकडे चौकशी केली असतां, तक्रार ॲपवरून नोंदवावी, असें उत्तर आलें.

रेंज नसतां काय करावें, हेंही येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर पडतो. तीस मोजण्याच्या आंत गडगडाट आला तर वीज १० किलोमीटरच्या आंत आहे. काम टाकून पक्क्या घरांत जावें, व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. मोबाईल वीज ओढून घेतो, ही समजूत खोटी आहे. उघड्या रानांत उभें राहणें किंवा झाडाचा आसरा घेणें, हेंच घातक. विजेच्या माणसास शिवल्यानें धक्का बसत नाहीं. श्वास थांबला असला तर छाती दाबण्यास तत्काळ लागावें. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असल्यास ११२ हा क्रमांक लागूं शकतो, हें लक्षांत ठेवावें. घरांत राऊटरची पिन आधींच काढून ठेवावी. काचेच्या तंतूंतून लोट येत नाहीं, तो भिंतींतील विजेच्या तारेनें येतो.

आमची सूचना लहान आहे. चक्रीवादळाच्या प्रसंगीं किनाऱ्यावर एका कंपनीच्या ग्राहकास दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरूं देण्याचा हुकूम निघालेला आहे. तो हुकूम वळवाच्या दिवसांत तालुक्यापुरता निघण्यास हरकत नसावी. टॉवरची बॅटरी व अर्थिंग यांची तपासणी चैत्रांत व्हावी, आणि तिचा दाखला ग्रामपंचायतीस द्यावा. परंतु हें मागावयाचें कोणत्या आधारावर? सन २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलेलें आहे, व पावसाळ्यापूर्वीं आढाव्याची बैठक भरते. त्या बैठकींत “आमच्याकडे रेंज जाते” असें सरपंच म्हणाले तर उत्तर येतें, “सगळीकडेच जाते.” तारीखवार वही पुढें ठेविली तर हें उत्तर देतां येणार नाहीं. टपाल कोणत्या तासाला आलें याची नोंद ठेवण्यांत आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ घालविला, तेव्हां या कामीं आमचा शब्द ग्राह्य धरण्यास हरकत नसावी.

वही साधी शंभर पानी असावी, व ती ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे ठेवावी. रकाने सहा पुरेत: तारीख, वादळ सुरू झाल्याची वेळ, वीजपुरवठा गेल्याची व आल्याची वेळ, कोणत्या कंपनीची रेंज केव्हां गेली व केव्हां आली, त्या अवधींत गांवांत घडलेली हानि, आणि दोन ग्रामस्थांच्या सह्या. खाडाखोड झाल्यास जुना आंकडा वाचतां येईल अशी एक रेघ मारून बाजूस सही करावी. महिनाअखेर त्या पानाची नक्कल तहसील कचेरींत देऊन पोच घ्यावी.