शक्तिपूजा आणि विस्मृतीचा वर

नवरात्र जवळ आले की मुदखेडच्या स्थानकावर माहूरचे यात्रेकरू दिसू लागतात. नांदेडकडून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो आणि त्याची एक शाखा भोकरवरून किनवटच्या डोंगराळ मुलखाकडे जाते. त्या वाटेने कित्येक भाविक रेणुकेच्या गडास निघतात. त्याच सुमारास गावोगावच्या व्याख्यानांतून एक प्रश्न ऐकू येतो: ज्या देशात स्त्रीची देवी म्हणून पूजा होते, त्या देशातील स्त्रियांनी हक्काची भाषा बोलावी कशाला? हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आणि सभ्यपणे टाळ्याही वाजवीत आलो. आता मात्र त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस कर्तव्य वाटते. कारण हा युक्तिवाद ज्या देवीच्या नावावर केला जातो, तिच्या कथेनेच तो खोडून काढला आहे.

महाभारताच्या वनपर्वातील ती कथा सुज्ञ वाचकांस ठाऊक असेलच. स्नानास गेलेल्या रेणुकेचे मन जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाकडे क्षणभर ओढले गेले, एवढाच तिचा अपराध. जमदग्नीने पुत्रांस मातेच्या वधाची आज्ञा केली. थोरल्या चौघांनी ती पाळली नाही, म्हणून पित्याच्या शापाने ते जड झाले. धाकट्या परशुरामाने परशु उचलला. प्रसन्न झालेल्या पित्याकडे त्याने मातेचे पुनरुज्जीवन मागितले आणि त्यास लागूनच आणखी एक वर मागितला: आपला वध झाल्याचे तिला स्मरण राहू नये. पहिल्या वराचे सर्वांस कौतुक. दुसऱ्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः साऱ्या कथेचे मर्म तेथेच आहे. त्या कुळाला मातेचे प्राण परत हवे होते, पण तिची साक्ष नको होती.

माहूरची स्थानिक आख्यायिका याच्या पुढची आहे. जमदग्नीच्या मृत्यूनंतर रेणुकेने सहगमन केले. मातेसाठी विलाप करणाऱ्या परशुरामास ती भूमीतून पुन्हा प्रकट होईल, मात्र त्याने मागे वळून पाहू नये, असे सांगण्यात आले. त्याने उतावीळपणे पाहिले, तोवर मुखच तेवढे वर आले होते. म्हणून गडावर देवीच्या केवळ मुखाची पूजा होते. याच्या उलट, लज्जागौरीच्या कित्येक प्राचीन मूर्तींत देह आहे आणि मस्तकाच्या जागी कमळ आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात अशा मूर्तींचा संबंध रेणुका-यल्लम्मेच्या उपासनेशी जोडून दाखविला आहे. एकीकडे देहावाचून मुख, दुसरीकडे मुखावाचून देह: ज्यांना या शिल्पांत केवळ स्त्रीचा गौरव दिसतो, त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहावे, अशी आमची विनंती आहे.

यावर मानसशास्त्राचा आधार घेणारे विद्वान म्हणतील की, देवी हे मनाच्या तळातील शक्तीचे प्रतीक आहे. कार्ल युंग यांनी मातेचा आदिबंध सांगितला. एरिख नॉयमान यांनी १९५५ च्या ‘द ग्रेट मदर’ या ग्रंथात पोषण करणारी आणि गिळून टाकणारी अशी तिची दोन्ही रूपे जगभरच्या मूर्तींतून दाखविली. या विद्वत्तेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु लेकराला आईविषयी काय वाटते, हे त्यावरून कळते. आईला काय वाटले, हे कळत नाही. पूजकाच्या मनाचा नकाशा म्हणजे स्त्रीची सनद नव्हे. देवीमाहात्म्यातही सर्व देवांच्या तेजातून देवी प्रकटते, त्यांनी दिलेली शस्त्रे घेऊन महिषासुरास मारते. पण युद्ध संपल्यावर स्वर्गाचे राज्य इंद्रासच परत मिळते!

प्रतीकांपासून स्त्रियांना काहीच बळ मिळत नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. वर्षभर उंबऱ्याआड गप्प असलेल्या बाईच्या अंगात देवी येते, तेव्हा ती घरातील कर्त्या पुरुषासही खडसावते आणि तो मुकाट्याने तिच्या पाया पडतो. तेवढ्या घटकेपुरते तिला तोंड असते. पण वारे उतरल्यावर तिने काय सांगितले, याची दाद किती घरांत घेतली जाते? दुसरा वर येथेही फळास आलेलाच दिसतो.

आमच्याच मराठवाड्यात अंबाजोगाईची योगेश्वरी कुमारिका म्हणून पूजिली जाते. ते गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथे २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या. कुमारिकापूजनाचे पाट मांडताना या आकड्याचे स्मरण कोणास होते?

आणि केवळ बीडकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. कायदा लागू होण्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळून, महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतःच वाटा दिला. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो देशभर दिला. तरीही सुशिक्षित घरांतून बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला जातो आणि ‘माहेर तुटू देऊ नकोस’ या गोड शब्दांत तिची सही घेतली जाते. पुढे तिला साडीचोळी होते, आणि सगळेजण झाले ते विसरतात. तिनेही विसरावे, अशी सर्वांची अपेक्षा असते.

घटस्थापनेच्या दिवशी आपण शेतातील काळी माती आणून घटाभोवती पसरतो आणि तीत धान्य पेरतो. माती हीच आदिमाता, असा त्याचा अर्थ आपण मुलाबाळांना सांगतो, आणि तो योग्यच आहे. यंदा ती माती आणताना एवढेच पाहावे, की त्या शेताच्या सातबाऱ्यावर घरातील लेकीचे नाव आहे की नाही. नसेल, तर दसऱ्यापूर्वी तलाठ्याकडे जावे. देवीच्या शक्तीवरील व्याख्यान त्यानंतर ऐकण्यास आम्हीही आनंदाने येऊ.